डाव्या कोपऱ्यातला फील्डर

बेसबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये काय काय चुकतं, हे माझ्याइतकं ओळखणारा माणूस अख्ख्या टोलीडोत सापडायचा नाही. हे मी अभिमानाने नाही, अनुभवाने सांगतो. दिवसभर लोकांच्या गॅरेजला दारं बसवायची आणि घरी आलं की गेम बनवणाऱ्या कंपनीला तक्रारी लिहायच्या, हा माझा नेम. एकेचाळीस लिहिल्या. पंच आंधळा आहे. पळणाऱ्याला पुढे जा म्हटलं की मागे येतो. आणि डाव्या कोपऱ्यातला फील्डर, चेंडू दोन हातांवर पडला तरी बसची वाट बघत असल्यासारखा उभा राहतो. ‘खरी माणसं अशी खेळतात का?’ हे माझं ठरलेलं शेवटचं वाक्य.

आमची आठ जणांची लीग आहे. नऊ वर्षं मी तिचा कमिशनर. म्हणजे कोण कुणाशी कधी खेळणार, भांडण झालं तर खरं कुणाचं, हे सगळं मी ठरवायचं. यंदा मात्र माझा मेहुणा ड्वेन माझ्याविरुद्ध उभा राहिला. मतदान हंगामाच्या पहिल्या शनिवारी, त्याच्याच तळघरात. त्याचं म्हणणं, दाजींनी नऊ वर्षं नुसती तोंडाची वाफ दवडली, गेम होता तसाच आहे. मला हे फार लागलं. ती खुर्ची गेली तर माझ्याकडे राहतं काय? गॅरेजची दारं.

अशात नोव्हेंबरमध्ये कंपनीचं बोलावणं आलं. सगळ्यात जास्त तक्रारी करणाऱ्या पाच जणांना त्यांना इंडियानापोलिसच्या ऑफिसात भेटायचं होतं. मी ते पत्र लीगमधल्या प्रत्येकाला पाठवलं. ड्वेनला दोनदा.

तिथे मार्गो नावाच्या बाईंनी माझी तक्रारींची वही शांतपणे चाळली आणि आदबीने विचारलं, "मग खरी माणसं पळतात कशी? दाखवता का?"

आता मी माघार घेणार होतो होय! त्यांनी मला काळा घट्ट पोशाख चढवला आणि हालचाल कॅमेऱ्यात टिपता यावी म्हणून अंगभर पांढऱ्या गोळ्या चिकटवल्या. मी पळालो. मैदानात शेवटचा पळालो त्याला वीसेक वर्षं झाली असतील, पण अंगातली कला कुठे जाते? अकरापैकी एक झेल घेतला, तोही छातीने. मग पोटरीत गोळा आला. असं आम्ही आजवर कधीच टिपलं नव्हतं, असं मार्गोबाई म्हणाल्या. मी खूश. त्यांनी एका कागदावर सही मागितली, ती मी न वाचताच ठोकून दिली.

घरी आल्यावर बायकोला, डोरीनला, सांगितलं की पळण्याबद्दल थोडं मार्गदर्शन करून आलो. पोशाखाचं काही बोललो नाही. त्यात पोट फार दिसत होतं.

मार्चमध्ये, नेमका मतदानाच्या आठवड्यात, नवा गेम आला. पहिल्याच डावात माझं डोकं फिरलं. डाव्या कोपऱ्यात एक नवाच फील्डर! पळताना कोपरं बाहेर. तीन पावलं झाली की थांबणार, विजार वर ओढणार, आणि मग चेंडूनेच आता काय ते बघून घ्यावं अशा नजरेने वर बघणार. मी तडक खेळाडूंच्या चर्चेच्या पानावर बेचाळिसावी तक्रार टाकली: ‘हा लठ्ठ्या कुठून उचलून आणला? याला मैदानात नको, आरामखुर्चीत बसवा.’ दोन दिवसांत सहा हजार लोकांनी माझ्या सुरात सूर मिसळला. आयुष्यात इतकं माझं कुणी ऐकलं नव्हतं.

शनिवारी तळघरात मी ती तक्रार सगळ्यांना वाचून दाखवली. मंडळी हसून हसून लोळली. मग ते ध्यान एकदा डोळ्यांनी बघाच म्हणत मी मोठ्या टीव्हीवर सामना लावला. मतं माझ्या खिशात होती.

तेवढ्यात डोरीन राजमा-खिम्याच्या चिलीचं पातेलं घेऊन खाली आली. तिने टीव्हीकडे पाहिलं आणि पातेलं टेबलावर ठेवलं.

"लायल," ती म्हणाली, "हा तू आहेस."

"काहीतरीच काय."

"अरे, दर मंगळवारी कचऱ्याच्या गाडीमागे तू असाच पळतोस. सतरा वर्षं खिडकीतून बघतेय मी."

मी मोठ्याने हसलो. बाकी कुणी हसेना. पडद्यावरच्या फील्डरने डाव्या हाताच्या दोन बोटांनी विजार वर ओढली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझी तीच दोन बोटं तेव्हा माझ्या पट्ट्यात होती.

"दाजी," ड्वेन फार मायेने म्हणाला, "इंडियानापोलिसला मार्गदर्शन नेमकं काय केलंत?"

सांगावंच लागलं. पोशाख, गोळ्या, पोटरी, सगळं. मतदान झालं. सात विरुद्ध एक. तो एक कोण, ते विचारू नका.

तरी मी मन आवरलं. ड्वेन झाला असेल कमिशनर, पण देशभर घरोघरी टीव्हीवर पळतंय कोण? मीच ना! डोरीननेही त्या फील्डरचा फोटो काढून फ्रिजवर लावला. येताजाता मी त्याच्याकडे बघायचो. हळूहळू तो मला आवडायला लागला होता.

एप्रिलमध्ये मार्गोबाईंचं पत्र आलं. ‘तुमच्या सूचनेबद्दल मनापासून आभार. सहा हजार खेळाडूंच्या भावना लक्षात घेऊन आम्ही तो फील्डर गेममधून काढून टाकला आहे.’

नऊ वर्षांत बेचाळीस तक्रारी केल्या. त्यांनी ऐकली ती ही एवढी एकच.