पोळ्या किती?

कोलशेतच्या आमच्या ऑफिसात सबनीसांना कुणी 'पाच मिनिटांत येतो' असं सांगून बघावं. ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, "हा आकडा नाही, मजकूर आहे." रिक्षावाल्याचं 'बसा, लगेच सुटेल' हा मजकूर. साहेबांचं 'यंदा पगारवाढ नक्की' हा तर निव्वळ मजकूर. हयात कंपन्यांचे प्रोग्रॅम लिहिण्यात गेलेली, त्यामुळे माणूस बोलला की आधी हे तपासणार, याची बेरीज होईल का. डोक्याला ताप नुसता. आणि मी त्यांच्या शेजारी बसते.

मध्यंतरी डोंबिवलीच्या एका पोळीभाजी केंद्राचं काम आमच्याकडे आलेलं. लोक सकाळी मोबाईलवरून पोळ्या किती ते कळवायचे, आणि केंद्राच्या मंदाताई ते वाचून डबे भरायच्या. आता वाचायचं काम प्रोग्रॅमचं. मला वाटलं, दुपारपर्यंत उरकेल. कसलं काय! कुणी ३ लिहिलेलं, कुणी तीन, कुणी 'अडीच, पण मऊ'. एका बाईंनी 'जाऊबाई आल्यात' एवढंच कळवलेलं. सबनीस खूश. एकेका मजकुराचा आकडा करायचे नियम लिहीत बसले. जाऊबाई साधारण किती खातात, यावर मंदाताईंशी फोनवर सविस्तर चर्चा झाली.

साहेब वैतागले. वाचता येत नाही तिथे सरळ शून्य टाका आणि सोमवारी चालू करा, म्हणाले.

"माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे," सबनीस म्हणाले. "इथे शून्य म्हणजे माणूस उपाशी."

साहेबांनी ऐकलं नाही.

सोमवारी डबे निघाले तशी सबनीसांनी शून्यवाल्यांची नावं काढली. बहुतेक 'आज नको'वाले. एक मात्र दातार आजोबा, एकटे राहणारे. ते रोज 'नेहमीइतक्या' लिहायचे आणि मंदाताई न विचारता दोन ठेवायच्या. प्रोग्रॅमला काय कळणार, कप्पाळ? आजोबा फोन उचलेनात. मंदाताई म्हणाल्या, पोरं डबे घेऊन गेली, आता संध्याकाळी पाठवते. सबनीस उठले, स्वतःचा डबा पिशवीत घातला आणि मला स्कूटर काढायला सांगितलं.

शीळफाट्याला चांगलेच अडकलो. मी मनातल्या मनात साहेबांचा उद्धार करत होते. मागे सबनीस पिशवी पोटाशी धरून बसलेले.

आजोबांनी दार उघडलं तेव्हा टेबलावर रिकामं ताट मांडलेलं होतं. त्यांना वाटलेलं, केंद्राने आपलं नाव काढून टाकलं. सबनीसांनी चूक आमची म्हणून सांगितलं, माफी मागितली आणि डबा पुढे केला. आजोबांनी तो उघडून बघितला, कुणाचा ते विचारलं. मग फडताळातून दुसरं ताट काढलं, दोन्ही ताटांत पोळी-भाजी वाढली, वर साजूक तूप सोडलं.

"बसा," ते सबनीसांना म्हणाले.

सबनीस उभेच. ताटाकडे बघत राहिले.

"विद्या गेल्यापासून मला कुणी वाढलेलं नाही," सबनीस म्हणाले.

इतकी वर्षं शेजारी बसून, त्यांची बायको वारलीय हे मला माहीत नव्हतं. खोपटच्या घरी ते एकटेच राहतात, डबाही सकाळी उठून स्वतःच करतात. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. आजोबांनी त्यांना हाताला धरून बसवलं. पहिला घास घेताना सबनीस रडले. मी आत जाऊन दोघांसाठी पाणी आणलं.