ची म्हणजे कोणाची?

आमचे धोटे सर भेटल्यावर नमस्कार करत नाहीत. "काय, बरंय ना?" असंही विचारत नाहीत. माणूस समोर आला की ते हनुवटी जराशी वर उचलतात आणि म्हणतात, "जीभ काढ."

यात त्यांनी कधी कोणाचं वय पाहिलं नाही, हुद्दा पाहिला नाही, प्रसंग पाहिला नाही. अकोल्याच्या बसमध्ये कंडक्टरनं तिकीट विचारलं, तर आधी त्याला जीभ दाखवावी लागली. आमचं कॉलेज तपासायला आलेल्या समितीच्या अध्यक्षांना सरांनी दारातच जीभ काढायला लावली आणि ती पाहून नुसतं "हं" म्हणून निघून गेले. अध्यक्ष दिवसभर अस्वस्थ. फायली बाजूला सारून मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "ते 'हं' का म्हणाले हो?" तिवस्याला आमच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले, म्हणून आम्ही भेटायला गेलो. सहकारी सरांच्या गळ्यात पडून रडला. सरांनी त्याला थोपटलं, पाणी पाजलं आणि म्हणाले, "रडून झालं? आता जीभ काढ." सांगायला संकोच वाटतो, पण त्यानं काढली.

मी अमरावतीच्या एका आयुर्वेद महाविद्यालयात शिकवतो. धोटे सर माझे वरिष्ठ, निवृत्तीला टेकलेले. राहतात अकोल्याला आणि रोज अप-डाउन करतात. नव्या अभ्यासक्रमात वैकल्पिक विषय आले, तेव्हा ज्याला जो आवडेल तो त्यानं शिकवावा असं ठरलं. कोणी योग घेतला, कोणी औषधी झाडांची लागवड. धोटे सरांनी सांगितलं, "चीन अन् कोरियाचं जुनं वैद्यक."

प्राचार्यांना ती चेष्टा वाटली. "धोटे सर, तुम्ही कधी बडनेऱ्याच्या पुढं तरी गेलात का?"

"रोज जातो. अकोल्याले."

वैकल्पिक विषयांची व्यवस्था माझ्याकडे आहे. म्हणजे त्यातला मनस्तापही माझ्याकडेच.

मनस्ताप पहिल्याच तासाला सुरू झाला, आणि एका अक्षरापासून. चिनी वैद्यकात शरीरातून फिरणाऱ्या जीवनशक्तीला 'ची' म्हणतात. सरांनी फळ्यावर भलं मोठं 'ची' काढलं, वळून गंभीरपणे म्हणाले, "या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी हाय ची." दर्यापूरच्या एका पोरानं मागच्या बाकावरून तितक्याच गंभीरपणे विचारलं, "सर, कोणाची?"

वर्ग फुटला. सर लाल झाले. "कोन हाय थो? उभा राह्य!"

पुढं हे दर तासाला होऊ लागलं. सर "ची" म्हणत, पोरगा "कोणाची?" म्हणे, सर "उभा राह्य!" म्हणत. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या एका सुई टोचायच्या जागेचं चिनी नाव तर मी इथं लिहीतही नाही. ते उच्चारलं की मागची दोन बाकं पोट धरून खाली जात.

मी सरांना समजावलं. "सर, 'ची' ऐवजी 'प्राण' म्हणा. अर्थ तोच होतो."

"तोच नाई होत."

"मग कोरियात त्यालाच 'गी' म्हणतात ना? ते म्हणा. 'गी'ला कोणी हसणार नाही."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अन् मंग चिन्यायले काय वाटन?"

या माणसाशी बोलणं असं असतं. अमरावतीत आपण 'गी' म्हटल्यानं चीनमध्ये कोणाला काय वाटेल, याचं उत्तर मी आठवडाभर शोधत होतो.

कोरियन वैद्यकात माणसांचे चार प्रकार सांगितले आहेत. सरांनी सगळ्या स्टाफची वाटणी करून टाकली. प्राचार्य 'तेउम'. "मोठं पोट, मोठं लिव्हर, अन् मनातलं कोनाले सांगनार नाई." मी 'सोउम'. "पचन कच्चं अन् जीव घाबरा. तुले रात्री झोप येत नसन, कुळकर्णी. दिवसा कोनाले काय बोल्लो, थेच आठवत असशीन."

हे खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मला कशाबद्दलही अपराधी वाटतं. कोणाच्या पायावर पाय पडला तर मी त्याची माफी मागतो, आणि दुसऱ्या दिवशी माफी नीट मागितली नाही म्हणून पुन्हा मागतो. पण सोउम ठरल्यापासून माझ्या डब्यावर जप्ती आली. सोउमला थंड चालत नाही, म्हणून सर माझं ताक उचलत आणि माझ्यासमोर पिऊन टाकत. "तुया भल्यासाठी पिऊन राह्यलो बे," असं वर ऐकवत. अमरावतीच्या मे महिन्यात मी सुंठ घालून गरम पाणी प्यायलेलो आहे.

आणि नाडी! आपल्याकडे पुरुषाचा उजवा हात पाहतात, बाईचा डावा. एक हात, तीन बोटं, संपलं. चिनी पद्धतीत दोन्ही हात पाहावे लागतात. सर समोर बसवून आधी एक हात घेत, डोळे मिटत, मग दुसरा. या दुसऱ्या हाताला तर ते सोडायलाच तयार नसत. बाहेर पोरं हजेरीसाठी खोळंबलेली आणि मी दोन्ही हात गुंतवून बसलेलो. "सर, दुसऱ्या हातात वेगळं काय कळतं हो?" मी एकदा चिडून विचारलं.

"दुसऱ्या हातालेबी काई सांगाचं असते," डोळे न उघडता ते म्हणाले.

मग सरांनी नवीनच काढलं. त्यांचा तास शनिवारी, ऑनलाइन, अकोल्याच्या घरून. मी परवानगी दिली. नाही म्हणणं मला जमत नाही. थोड्याच दिवसांत कुरकुर ऐकू आली की सर त्या तासाला नुसता कोणाचा तरी हात दाखवत बसतात. उशीवर ठेवलेला एक हात, त्यावर सरांची बोटं. आधी डावा, मग उजवा. पोरं त्याला 'हाताचा पिरेड' म्हणायची. दर्यापूरकर मात्र तिथंही इमानदार होता. "उभा राह्य!" म्हटल्यावर तो कॅमेरा बंद ठेवून, गादीवर लोळत, "राह्यलो सर" म्हणायचा.

मला वाटलं, म्हाताऱ्यानं घरी बसायची सोय करून घेतली. सरांशी बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी पोरांशी बोललो. ज्याला हवं त्यानं विषय बदलून घ्यावा, असं गुरुवारी वर्गात सुचवलं. दर्यापूरकराला तर मीच औषधी झाडांच्या लागवडीत पाठवला, म्हटलं निदान वर्गातला तमाशा थांबेल. बरीच पोरं गेली. प्राचार्य म्हणाले, "आता विषयच बंद करा. आणि धोट्यांना तुम्हीच सांगा, प्रकरण तुमचं आहे." फोनवर सांगणं बरं दिसेना. शनिवारी मी अकोल्याला गेलो. इतक्या वर्षांत सरांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो. वहिनींना बरं नसतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं आणि सर कोणाला घरी बोलवत नसत.

दार उघडून सर म्हणाले, "जीभ काढ."

मी काढली.

"काहून आला?"

"सहज."

"सोउम कुठी सहज जात नाई," सर म्हणाले, पण आत घेतलं.

आत खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. इस्त्रीची साडी, डाव्या मनगटात घड्याळ, केस चापून बांधलेले. शाळेत गणित शिकवायच्या, तशाच तयार होऊन बसलेल्या. फक्त ओठांची उजवी कड खाली ओढलेली होती आणि उजवा हात समोरच्या छोट्या उशीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. शब्द आला नाही.

सर फोन स्टँडला लावता लावता, माझ्याकडे न पाहता बोलले. "लकवा. बोलनं गेलं अन् उजवी बाजू गेली. कोनाले भेटत नाई ती. आपल्या शास्त्रात बाईचा डावाच हात पाह्यतेत. तिचा डावा तर चांगलाच हाय. उजव्याले कोनी इचारतच नव्हतं, पदराखाली झाकून ठेवे. मंग हे चिनी पुस्तक हाती लागलं. म्या म्हनलं, अवं, दोनी हात लागतेत. शास्त्रच तसं हाय, मी काय करू?"

वहिनींनी डाव्या हाताचं बोट घड्याळावर आपटलं. तासाची वेळ झाली होती.

"हो, हो. पाह्य, पोट्ट्यायच्या तासाले उशीर चालत नाई तिले." सर वाकून माझ्या कानाशी आले. "तू तठी कोपऱ्यात बस. अन् त्या दर्यापूरवाल्याची मजा पाह्य. त्यानं 'कोणाची' म्हनलं ना, का ही हासते. आठवडाभर तेवढीच हासते. आधी म्या घरी येऊन नुसतं सांगो तरी हासे, म्हनून तं तासच घरी आनला. नाई तं तुयं ऐकून 'गी' म्हनलं नसतं का म्या?"

सांगायला आलो होतो ते वाक्य बसमध्ये घोकून घोकून गुळगुळीत केलं होतं. ते आता तोंडात मावेना.

तास सुरू झाला. फोनवर दोन-चारच नावं होती. सरांनी ती पाहिली, चष्मा वर-खाली केला, "नेट गेलं असन त्यायचं," म्हणाले आणि शिकवायला लागले. आधी डावा हात, मग उजवा. त्या निर्जीव मनगटावर तीन बोटं ठेवून ते डोळे मिटून बसले. सरांनी एक जागा चुकीची सांगितली, तर वहिनींनी "अं" करून डाव्या बोटानं नेमकी दाखवली. मग सर सरळ झाले, घसा साफ केला आणि नाटकातल्या नटासारखं सावकाश म्हणाले, "तर पोट्टेहो, या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी हाय... ची."

आणि थांबले.

वहिनी फोनकडे पाहत होत्या. ओठांची डावी कड आधीच तयार झाली होती. फोन गप्प होता. सर थांबूनच राहिले. पंखा तेवढा फिरत होता. ज्या पोरानं बोलायचं, तो औषधी झाडांच्या वर्गात शतावरीची माहिती उतरवून घेत होता, आणि त्याला तिथं मी पाठवलं होतं. त्याला परत आणणं माझ्या हातात होतं, पण ते सोमवारी. सरांची नजर फोनवरून वहिनींकडे गेली. वहिनींच्या ओठांची ती कड हळूहळू खाली यायला लागली.

"सर," मी कोपऱ्यातून म्हणालो. आवाज चिरकला. "कोणाची?"

वहिनींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीचा, टकलावर घाम आलेला, मांडीवर पिशवी धरून बसलेला प्राध्यापक. आधी त्यांचा खांदा हलला, मग पदर हलला, मग तोंडातून एक फुटका, मोठा आवाज आला. हसू एकाच बाजूनं येत होतं, पण सगळं येत होतं. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते पुसायला त्यांनी डावा हात उचलला. उजवा सरांच्या हातात होता.

सरांनी तो सोडला नाही. तोंड फोनकडेच ठेवून, भलत्याच कडक आवाजात ते ओरडले, "कोन हाय थो? उभा राह्य!"

मी पिशवी खाली ठेवली आणि उभा राहिलो.

"राह्यलो, सर."