सुभानजीच्या दाढेची हकीकत

एका दंतावर तिन्ही लोक सांभाळणाऱ्या श्रीगजवदनास दंडवत. शके सोळाशें अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर. ते समयीं एके राज्यीं महाराज गोडाचे बहुत भोक्ते, आणि त्यांचे ताटातील प्रत्येक पदार्थ आधी चाखावा ही चाकरी सुभानजी खळदकर याजकडे होती. रिवाज ऐसा कीं, चाखल्यावर दोन घटका चूळ भरू नये, विष असल्यास अंगीं भिनून दिसावे. मग बारा वर्षे साखरेचा पाक मुखात तैसाच मुरला आणि सुभानजीचे दाढेस कीड लागली. बोलावे तर चाकरी जाईल, म्हणोन बिचारा लवंग दाबून गप्प राहिला. मग एके दिनी थंडगार बासुंदी नेमकी त्या दाढेत शिरली आणि त्याने तोंड वेडेवाकडे केले. एकच गिल्ला जाहला, "विषप्रयोग! विषप्रयोग!" आणि दरवाजे लागले, आणि जिने बासुंदी आटवली त्या मुदपाकखान्याच्या ठकूबाईचे हातीं बेड्या पडल्या. सुभानजीचे काळीज फाटले. महाराजांचे पायांवर लोळण घेऊन बोलिला, "विष नाही महाराज, माझी दाढ आहे! बाईस सोडावे." महाराज क्रोधें बोलिले, "दाढ उपटवा. पुन्हा तोंड वाकडे केलेस तर चाकरी गेली म्हणोन समज."

राजवैद्यांनी दाढ काढली आणि मान हलविली, "हाच रिवाज चालला तर बाकीचे दातही जातील." तेव्हां मनगटावरचे वळ चोळीत ठकूबाई बोलली, "अरे शहाण्या, चूळ मना आहे, ताक मना आहे काय? तेही ताटातलेच. बिनसाखरेचे ताक सर्वांशेवटी चाख आणि तोंडभर घोळव. विरजणात डोळ्यांस न दिसणारे भले जीव असतात. त्यांनी दातांशी ठाणे धरिले कीं किडीच्या जिवांस जागा उरत नाही." राजवैद्य बोलिले, "एकदा दातास पडलेले भोक याने बुजत नाही. नवे न पडावे यास्तव करून पाहावे."

मग वर्षभर ताक शेवटी चाखले, आणि हेमलंबी सालीं पुन्हा थंडगार बासुंदी आली. शिपायांचे हात तलवारीवर, ठकूबाई खांबाआड देवाचे नाव घेते, आणि सुभानजीने घोट साऱ्या दातांवरून फिरवला आणि थांबला. कळ आली नाही! त्यास इतके हायसे वाटले कीं भर पंगतीत एकतीस दात दाखवून हसला. चाखणारा हसलेला कोणी कधी पाहिला नव्हता, म्हणोन शिपाई पुन्हा ओरडले, "विष!" महाराज बोलिले, "गप्प बसा," आणि वाटी ओढून जेवू लागले.

सारांश, एक दाढ गेली, एकतीस दात राखिले, बाईचे हातास पुन्हा बेडी लागली नाही. ताकास मुजरा करून लेखणी ठेविली.