हुरुपाचा टँकर

आमच्या गावात हुरूप नळाने येतो. दर चौथ्या दिवशी, सकाळी पावणेसात ते साडेसात. नगरपालिकेने पाण्याच्या पाइपशेजारून एक हिरवा पाइप टाकला आहे आणि प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात त्याची छोटी तोटी काढून दिली आहे. तोटी सोडली की आधी सूं असा आवाज येतो, मग जून महिन्यातल्या नव्या वहीसारखा वास येतो आणि माणूस बाह्या सरसावतो. दिसत काहीच नाही. नव्याने राहायला आलेले लोक म्हणतात, "आमची लाइन कोरडी आहे वाटतं," आणि तसं म्हणता म्हणता पंख्याची पाती पुसायला लागलेले असतात.

पुरवठ्याबद्दल तक्रारी आहेतच. वेळ नेमकी डब्यांच्या गडबडीची, त्यामुळे निम्मा हुरूप पोळ्यांत जातो. दिवाळीआधी पंधरा दिवस जादा सोडतात. एक जानेवारीला तर इतका सोडतात की पासष्टीची माणसं टेकडीवर पळत जातात, आणि नऊ तारखेला नळ फुसफुसतो. शेजारच्या घोरपडेकाकूंनी लाइनला मोटर लावली आहे. हे बेकायदा आहे. त्यांच्या अंगणातले खडे लहानमोठे बघून ओळीने मांडलेले असतात. विचारलं तर म्हणतात, "आमचं मेलं पहिल्यापासूनच असं."

मी तक्रारखोर माणूस नाही. पण सव्वा महिन्यापूर्वी आई मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, "येत्या गुरुवारी घरी सोडतो. वॉकरवर चालतील, फक्त वाट मोकळी ठेवा." हे ऐकून माझा मोठा भाऊ श्रीधर, म्हणजे दादा, ठाण्याहून आला. दादा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झाला आहे आणि त्याच्या खिशात अजून मोजणीची टेप असते. त्याने फाटकापासून आईच्या पलंगापर्यंत वाट मोजली. सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे फ्रिज आणि रद्दीचा गठ्ठा यांच्यामध्ये, ती नऊ इंच भरली.

"वॉकरला तीन फूट लागतात, मुकुंदा," दादा म्हणाला. "गुरुवारी तीन फूट नसले तर आईला मी ठाण्याला घेऊन जाणार. कायमची."

दादाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. तिथे दिवसभर बोलते ती फक्त लिफ्ट. आईला मी हे दवाखान्यात सांगितलं तेव्हा तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मला घरी ने रे बाबा." मी चोपन्न वर्षांचा आहे. मला तिथेच रडू आलं.

आता कोणी म्हणेल, सव्वा महिना काय झोपा काढल्या का? तर मुळीच नाही. आई दवाखान्यात गेली त्याच आठवड्यात मी आणि माझ्या बायकोने, मंदाने, आवरायला घेतलं. पहिल्या पुरवठ्याला कपाट काढलं. सगळं कपाट पलंगावर आलं आणि साडेसात वाजले. दुसऱ्या पुरवठ्याला माळा काढला. तिसऱ्याला दिवाणाचं पोट. असे आठ पुरवठे झाले. प्रत्येक वेळी आम्ही जिवाच्या आकांताने काहीतरी बाहेर काढलं आणि प्रत्येक वेळी साडेसात वाजले. आम्ही दोघं गेले पंधरा दिवस मिक्सरच्या खोक्यावर आळीपाळीने बसून जेवत होतो.

मी नगरपालिकेत कमी दाबाबद्दल अर्ज दिला. दुसऱ्याच दिवशी हुरूप विभागाचे कनिष्ठ अभियंता पडवळ आले. त्यांनी तोटीला घड्याळासारखं यंत्र लावलं, काटा पाहिला आणि मान हलवली.

"दाब उत्तम आहे. तुमच्याकडे गळती आहे."

त्यांनी खिशातून खडू काढला आणि घरभर फिरून गळतीच्या जागांवर फुल्या मारल्या. लग्नाचा अल्बम. ज्यांची कुलुपं हरवली आहेत अशा किल्ल्यांचा डबा. लोकांच्या घरच्या लग्नपत्रिका, त्यातली काही लग्नं आता मोडलेलीसुद्धा आहेत. मग त्यांच्या हाताला एक जुना दिवाळी अंक लागला. ते उभ्या उभ्याच वाचायला लागले. वीस मिनिटांनी मी खाकरलो.

"ही फार मोठी गळती आहे," पडवळ म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

मंदाने चहा आणला तेव्हा ते भानावर आले. "तुमची खरी अडचण वेगळी आहे, साहेब. हुरुपाने काम सुरू होतं. संपायला उरक लागतो. आम्ही हुरूप देतो. उरक योजनेत नाही."

"मग उरक कुठे मिळतो?" मी विचारलं.

"पूर्वी बायका माहेराहून आणायच्या."

आम्ही दोघांनी मंदाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मंदा म्हणाली. "आमच्याकडून मिक्सर दिला होता."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरातला उरक आईचा होता. एकोणसाठ साली लग्न होऊन आली तेव्हा तिने तो आणला आणि साठाहून जास्त वर्षं आम्ही सगळ्यांनी तो फुकट वापरला. आम्ही पसरायचो आणि तो पसारा आपोआप नाहीसा होतो, अशी माझी लहानपणापासून समजूत होती. आई ॲम्ब्युलन्समधून गेली तेव्हा उरकही तिच्याबरोबर गेला. नर्स सांगत होत्या की आजींनी पडल्या पडल्या अख्ख्या वॉर्डाच्या गोळ्या लावून दिल्या आणि तीन पेशंटांचं आपसातलं भांडणही मिटवून टाकलं.

मी थर्मास घेऊन दवाखान्यात गेलो. म्हटलं, "आई, गुरुवारपुरता थोडासा उरक दे."

आईने थर्मासचं झाकण उघडून आत वास घेतला. "आधी हा घासून आण," ती म्हणाली.

मी तो घासायला घरी आणला. तो अजून घासायचा आहे.

राहिला टँकर. पडवळ म्हणाले, "नियमात बसतं. मात्र परिणामाची जबाबदारी अर्जदाराची." मी सही केली. टँकर बुधवारी सकाळी यायचा तो गुरुवारी सकाळी आठला आला. आईला अकराला सोडणार होते. ड्रायव्हरने खिडकीतून जाड नळी आत सोडली, बारा हजार लिटर हुरूप, आणि चावी फिरवली.

पुढच्या अडीच तासांबद्दल मला खेद वाटत नाही. इतकी मजा मला माझ्या लग्नातसुद्धा आली नव्हती. मंदाने "हर हर महादेव" म्हणून स्वयंपाकघरात मुसंडी मारली आणि एकेक डबा खिडकीतून बाहेर द्यायला लागली. मी कपाटं काढली, मग कपाटांचे कप्पे काढले, मग बिजागऱ्या काढल्या. दादा वाट मोजायला फाटकात उभा होता. नळीच्या सांध्यातून त्याच्यावर एक फवारा उडाला. त्याने टेप खिशात टाकली, कोट काढला आणि भिंतीतले खिळे उपटायला लागला. "चाळीस वर्षं हा खिळा माझ्या डोळ्यांत खुपतोय!" तो ओरडला. दादाला मी आयुष्यात पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. घोरपडेकाकू भिंतीवरून उडी मारून आल्या. बहात्तर वर्षांच्या आहेत. आल्या आल्या त्यांनी गाद्यांचे अभ्रे उसवले. ड्रायव्हरने स्वतःच्या टँकरचं मागचं चाक काढून पुसलं आणि आमच्या अंगणात आणून ठेवलं.

अंगणात दादाने खडूने चार मोठे गोल काढले आणि आत लिहिलं: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, बघू. प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, ठरवायचं आणि त्या गोलात टाकायची. साडेदहा वाजता ठेवायचं मध्ये एक बादली होती. द्यायचं मध्ये कोणीतरी आम्हालाच दिलेला काचेचा ससा होता. टाकायचं मध्ये काही नव्हतं. बाकी सगळं घर बघू मध्ये होतं. तो ढीग फाटकापासून पायरीपर्यंत पसरला होता आणि उंचीला खिडकीच्या गजांपर्यंत पोचला होता.

मग टँकर गुरगुरला आणि रिकामा झाला. आम्ही जिथे होतो तिथे बसलो. काकूंच्या हातात अर्धा उसवलेला अभ्रा होता. ड्रायव्हर आपल्या चाकाकडे बघत होता. कोणालाच उठावंसं वाटेना.

सव्वाअकराला ॲम्ब्युलन्स आली तेव्हाही आम्ही तसेच बसलेलो होतो. आई वॉकर धरून उतरली, फाटकात उभी राहिली आणि तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. दादाने टेप काढली. हुरूप उतरला की दादा पुन्हा निवृत्त अधिकारी होतो.

"घरात वाट सव्वीस फूट," त्याने जाहीर केलं. "अंगणात शून्य."

"म्हणजे सरासरी तेरा फूट," मी म्हणालो.

"वॉकर सरासरीवरून चालत नाही, मुकुंदा."

आई शांतपणे दोघांचं ऐकत होती. मग म्हणाली, "श्रीधर, मग माझं काय ठरलं?"

दादाने मान खाली घातली. टेप उगीचच ओढली आणि सोडली. "बघू, आई," तो म्हणाला.

आईने खडूची अक्षरं वाचली. मग वॉकर टेकत टेकत ती बघूच्या गोलात शिरली. ढिगाच्या कडेला आमची एक हात तुटलेली लाकडी खुर्ची होती. तिच्यावर ती बसली.

"आई, तिथे नको बसू," मी म्हणालो.

"का? इथेच नाही का बसायचं मी?" तिने वॉकर बाजूला केला. "मंदा, तो अल्बम उघडायचा नाही, तसाच आत ने. ठेवायचा. किल्ल्या टाका. लग्नपत्रिका टाका. काकू, तो अभ्रा पुरा उसवा तरी, नाहीतर शिवा तरी. अहो ड्रायव्हर, ते चाक तुमचं आहे ना? मग लावा."

तिने आवाज चढवला नाही. थांबलीही नाही. रद्दी, टाका. परात, ठेवा. सात छत्र्यांपैकी उघडतात त्या दोन ठेवा. बाबांचा कोट आला तेव्हा तिने तो क्षणभर मांडीवर घेतला, बाही सरळ केली आणि म्हणाली, "ड्रायव्हरला होतोय का बघा." झाला. आम्ही पळत होतो आणि ढीग उतरत होता. पुढच्या दाराने आत जायचं, रिकाम्या हाताने बाहेर यायचं. ड्रायव्हरने चाक लावलं आणि शेवटचा नटही आवळला. घोरपडेकाकूंनी अभ्रा शिवून संपवला आणि इतका वेळ मोटर न लावता आपण काम कसं केलं, म्हणून स्वतःच चकित झाल्या.

दुपारी दोनला अंगण दिसायला लागलं. फरशी लाल आहे हे मी विसरलो होतो. दादाने फाटकापासून पलंगापर्यंत टेप धरली. सगळ्यात अरुंद जागी वाट साडेतीन फूट भरली. त्याने आकडा मोठ्याने वाचला नाही.

"ही खुर्ची ठेवायची," आई म्हणाली. "मी उठले की आत न्या."

आता बघूच्या गोलात काहीच उरलं नव्हतं. फक्त आई होती. तिने पदराने कपाळ पुसलं आणि आमच्याकडे पाहिलं.

"एवढं एक राहिलं," ती स्वतःकडे बोट दाखवून म्हणाली. "ठरवा लवकर. तिन्हीसांजेपर्यंत पसारा ठेवू नये."

मंदाने माझ्याकडे पाहिलं. दादाने फरशीकडे पाहिलं. त्या दिवशी पुरवठा नव्हता, टँकर रिकामा होता आणि माझ्यात हुरुपाचा थेंब उरला नव्हता.

"ठेवायचं," मी म्हणालो.

दादाने टेप गुंडाळली, खिशात टाकली आणि म्हणाला, "ठेवायचं."

"मग जागेवर ठेवा," आई म्हणाली. "वस्तू अशी वाटेत ठेवत नाहीत."

मी एका बाजूने धरलं, दादाने दुसऱ्या बाजूने, आणि आम्ही तिला जागेवर ठेवलं.