प्लॉटकिनसाहेबांचा परिचय

पाहुण्यांचा परिचय करून द्यावा तर मीच! अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या आमच्या मराठी मंडळात याबद्दल दुमत नव्हतं. जन्मभर दातांपलीकडे काही न पाहिलेल्या एका डेंटिस्टच्या परिचयातसुद्धा मी श्रोत्यांना रडवलेलं आहे. त्यामुळे चौऱ्याऐंशीच्या गणपतीत प्लॉटकिनसाहेब आमच्या स्टेजवर येणार म्हटल्यावर मी बायकोला सांगितलं, "शरयू, बघच तू आता."

"बघते," ती म्हणाली. "पण जरा थोडक्यात आवरा."

यांकेल प्लॉटकिन म्हणजे आमचे शेजारी. यिडिश ही पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरगुती भाषा, आणि न्यूयॉर्कच्या यिडिश रंगभूमीवर हा माणूस एके काळी लाडका विनोदी नट होता. विंगेतून नुसता त्यांचा बूट दिसला की थिएटर हसायला लागायचं म्हणे. आता त्या थिएटरात गालिचे विकतात. हसणारे बहुतेक देवाघरी गेले आणि उरलेल्यांना ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं म्हाताऱ्याने हशा ऐकलाच नव्हता.

"विष्णू," एकदा कुंपणापाशी ते मला म्हणाले, "एकदाच भरलेला हॉल हसताना ऐकू दे. मग मी सुखाने घरी बसेन."

त्यांचा गाजलेला प्रवेश शब्दावाचून होता. गरीब जावई पहिल्यांदाच श्रीमंत सासरी जेवायला जातो आणि त्याला नेमकी मोडकी खुर्ची मिळते, एवढंच. मराठी माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काय आहे?

काहीच नव्हतं. पण मराठी माणूस परिचय करून दिल्याशिवाय पाहुण्याला पाणीसुद्धा विचारत नाही.

शाळेचा हॉल गच्च भरला होता. मंडळाचे अध्यक्ष दिगंबरकाका यांनी प्लॉटकिनसाहेबांना शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि माईक माझ्याकडे सरकवला. मी मराठीतून सुरुवात केली. त्यांची आई आणि बहिणी युद्धात कशा गेल्या ते सांगितलं. बायको आजारपणात कशी गेली ते सांगितलं. कॅलिफोर्नियातला मुलगा फोनसुद्धा करत नाही हेही सांगितलं. पहिल्या रांगेतल्या सुलेखाकाकूंचा पदर डोळ्यांना लागला तसा मी आणखी रंगलो. मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. प्लॉटकिनसाहेबांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ते बिचारे शालीत बसून सगळ्यांकडे बघून हसत होते, आणि ते हसू बघून लोकांना आणखीच भडभडून येत होतं.

मग प्रवेश सुरू झाला.

जावई आत आला, उंबरठ्याला अडखळला, चुकून सासऱ्याऐवजी टोपी अडकवायच्या खुंटीला नमस्कार केला. हॉलमध्ये शांतता. जावयाने सूप समजून फुलदाणीत चमचा घातला. सुलेखाकाकू हुंदका देत म्हणाल्या, "बिचाऱ्याला कुणी जेवायलासुद्धा घालत नाही हो." म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम दिसायला लागला. त्यांनी भुवया नाचवल्या, कान हलवले, ठेवणीतलं सगळं बाहेर काढलं. लोक आणखी रडले. मी पडद्याआडून बघत होतो.

शेवटी त्यांनी हुकमाचा एक्का टाकला. खुर्ची मोडली आणि ते धाडकन आडवे झाले, एक पाय हवेत.

आमच्या मंडळात दर तिसरा माणूस डॉक्टर आहे. हार्टवाले हेमचंद्र आणि भूलतज्ज्ञ विनीता असे स्टेजवर धावले की त्यांच्या चपला खालीच राहिल्या.

"मी ठीक आहे! हा नाटकाचा भाग आहे!" प्लॉटकिनसाहेब इंग्रजीत ओरडले.

"पेशंट डिनाय करतोय," हेमचंद्र म्हणाले. "क्लासिक. ॲम्ब्युलन्स बोलवा."

मी धावत गेलो. "अहो डॉक्टर, विनोद आहे तो!"

"विष्णू, सावर स्वतःला," म्हणून त्यांनी मला बाजूला केलं आणि ते हॉस्पिटलला फोन करायला ऑफिसकडे पळाले. विनीताही त्यांच्यामागे गेली.

ॲम्ब्युलन्सवाले आले, म्हाताऱ्याला स्ट्रेचरवर बांधलं, वर ब्लँकेट घातलं. दारापर्यंत पोचल्यावर प्लॉटकिनसाहेबांनी मान उचलली, खिशातून तो चमचा काढला आणि ब्लँकेट उचलून आत सूप शोधायला लागले. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी माझा परिचय ऐकलेला नव्हता. ते दोघे असे खदखदून हसले की स्ट्रेचर हिंदकळलं. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. ते पुढची गंमत करणार, एवढ्यात सुलेखाकाकू उठल्या.

"शेम ऑन यू! दॅट मॅन हॅज लॉस्ट एव्हरीथिंग!"

"शेम!" सगळा हॉल म्हणाला.

"सॉरी मॅम," म्हणून दोघांनी माना खाली घातल्या. हसू जे थांबलं ते थांबलंच. म्हाताऱ्याच्या हातातला चमचा खाली आला.

"विष्णू," ते अगदी हळू म्हणाले, "तू या लोकांना माझ्याबद्दल सांगितलंस तरी काय?"

"जे खरं तेच, सर."

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ब्लँकेट तोंडावर ओढून घेतलं.

हॉलमध्ये एकच हंबरडा फुटला. दिगंबरकाकांनी माईक घेतला. "सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळावी, ही विनंती."

ब्लँकेटखाली म्हातारा श्वास घेत होता, मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी उभा राहिलो. अध्यक्षांनी सांगितल्यावर काय करणार!