भाकरीला सलाम

आमच्या धर्मापुरीचे जमादारकाका जेवायला बसण्याआधी ताठ उभे राहत, टाचा जुळवत आणि ताटातल्या भाकरीला कडक सलाम ठोकत. भाकरी करपलेली असली तर नुसती मान हलवत. करपलेल्या भाकरीचा हुद्दा त्यांच्या लेखी एक पायरी खाली. माणसांना मात्र त्यांनी कधी सलाम केला नाही. निजामसरकारचा तहसीलदार दौऱ्यावर आला, अख्खी चावडी कमरेत वाकली. काका रामराम म्हणून बाजूला झाले.

याचं मूळ एका उर्दू पुस्तकात होतं. काका निजामाच्या घोडेस्वार रिसाल्यात होते. मोठ्या लढाईत समुद्रापार जाऊन आले आणि येताना कुठल्याशा इस्पितळातून अमेरिकेच्या एका जुन्या जर्नेलाचं चरित्र घेऊन आले. हा जर्नेल आधी विलायतेच्या राजाशी लढला, मग मुलखाचा कारभारी झाला. त्याच्या फौजेनं एक हिवाळा उपाशीपोटी काढला होता, म्हणून भाकरीला सलाम. संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर काका आम्हाला ही गोष्ट सांगत. सांगता सांगता तिकडची बर्फाची नदी आमच्या वाण नदीला येऊन मिळे, आणि जर्नेल घोड्यावर बसून ज्वारीचं धाट चघळू लागे.

तिकडं कारभारी लोक निवडतात, हेही पुस्तकातच होतं. झालं! देवळाची बारव उपसायला मुकादम कोण, यावर काकांनी मतं घेतली. एका उमेदवाराला ज्वारीचा दाणा, दुसऱ्याला तुरीचा. गावानं रांगेनं टोपलीत दाणे टाकले, आणि मोजणीच्या आत कोंबड्या मतं खाऊन गेल्या. काका डगमगले नाहीत. टोपलीत डोकावून म्हणाले, "तूर मागं राह्यली हाय. तूर जिंकली."

एक खोड मात्र होती. जर्नेल कारभार सोडून घराकडं निघाला, की काका पुस्तक मिटत. पुढं काय झालं विचारलं तर म्हणत, उद्या पयल्यापासून. आणि उद्या खरंच पहिल्यापासून.

मग मला हैदराबादेत, सरकारी दफ्तरात नोकरी लागली. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. सरूला आईपाशी ठेवायचं आणि मी दरसाल दिवाळीला यायचं, असं घरात ठरलं. सरूला कुणी विचारलं नाही. चार दिवस तिच्या भाकऱ्या करपत राहिल्या. मी शाबासकी घ्यायला काकांकडं गेलो. ते भाकरी थापत होते.

"सूनबाई?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी बेत सांगितला. त्यांनी पिठाचे हात झटकले आणि पुस्तक माझ्यापुढं टाकलं. "तुला उर्दू येतं की बे. आखरीचं पान वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. जर्नेल घरी पोचला. बायको दारात उभी होती. पान संपलं.

काकांनी थापलेली भाकरी तव्यावर टाकली. "मी आलो तवा दाराला कडी होती. आमची मंडळी पटकीत गेलती, सा महिने आधी. पत्तर कोन धाडणार? आमच्या आळीत लिवता येनारा मी एकलाच." भाकरी करपायला लागली होती. ती त्यांनी उलटली. "कावून पुस्तक मिटतो, इचारता न्हवं? म्या आजवर त्याला घरी जाऊ दिलं न्हाई."

घरी येऊन मी आईशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा, आणि लई वाईट भांडलो. चौथ्या दिवशी बैलगाडी निघाली तेव्हा सरू माझ्या शेजारी बसली होती. काकांच्या दारावरून गाडी गेली. सरूच्या बाजूला ते उंबऱ्यावर ताठ उभे होते. टाचा जुळल्या, हात कपाळाशी गेला, आणि गाडी वळेपर्यंत तिथंच राहिला.

त्या माणसाचे उपकार मी रोज दोन वेळा जेवतो. आणि रोज सरूला चिडवतो, की तो सलाम तुला नव्हता, तुझ्या मांडीवरच्या शिदोरीतल्या भाकरीला होता. ती काठवटीवरून मान वर न करता म्हणते, "असंल."

शिदोरी माझ्या मांडीवर होती, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.