आईची डावी भुवई

कुणाच्या तोंडावर 'नाही' कसं म्हणावं, हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या! फी नाही, क्लास नाही. अट एकच, डावी भुवई सोबत आणायची.

हे शास्त्र आमच्या आईचं. तिला आवाज चढवताना कुणी ऐकलं नाही, कारण तिला गरजच नव्हती. तिची डावी भुवई बोटभर वर गेली, की लाडवाच्या डब्याकडे निघालेला अप्पांचा हात वाटेतूनच वळायचा आणि उगीच कॅलेंडरचं पान सरळ करायचा. अप्पांना मधुमेह, आणि त्यावर आईची भुवई हेच औषध. घणसोलीहून मासे घेऊन येणारी पुतळाबाई तर भाव सांगता सांगता स्वतःच उतरवायची.

मी मात्र अप्पांवर गेले. अप्पांच्या घराण्यात भुवया नाहीत. कपाळ सुरू होतं ते थेट डोळ्यांपाशी थांबतं. अशा चेहऱ्याने 'नाही' म्हटलं, तरी समोरच्याला 'न्या ना, पिशवी देऊ का?' असंच ऐकू येतं.

आई गेली आणि आठवणींना सुरुवात झाली. आमच्या नव्हे, नातेवाइकांच्या! तेराव्याला वेणूआत्या, म्हणजे अप्पांची बहीण, डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि आईचा मिसळणाचा डबा घेऊन बाहेर आली. "वहिनीची आठवण म्हणून नेते हो," म्हणाली. मी म्हटलं, "न्या ना."

त्या डब्यातल्या वाट्या रोज सकाळी फोडणीच्या वेळी खुळखुळायच्या. मला त्याच आवाजाने जाग यायची. हे आत्याला सांगायला मला सुचलं, तेव्हा ती तुर्भ्याला घरी पोचली होती.

मग रीघच लागली. केशरमावशी कुकर घेऊन गेली, "ताईच्या हातची डाळ आठवते गं." मामेभावाला मिक्सर पाहून हुंदका आला. शेजारच्या दातेबाई कपडे वाळत घालायची दोरी सोडून घेऊन गेल्या. म्हणे, याच दोरीशी उभं राहून वहिनी बोलायच्या! आई सगळ्यांना इतकी आठवत होती, की वर्षभरात आमच्याकडे वरणभात करायला पातेलं उरलं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा आत्याचा निरोप आला. "जेवायला येतेच आहे. जाताना शिवणयंत्र नेईन. आठवण म्हणून."

आता मात्र मी ठरवलं. मशीन वाचवायचं, आणि जमलं तर डबाही परत आणायचा! मी कॉलेजात ग्रंथपाल. 'नाही' म्हणण्याबद्दलची झाडून सगळी पुस्तकं मी वाचून काढली. सगळ्यांत एकच सल्ला होता, की निर्धार चेहऱ्यावर दिसला पाहिजे. चेहऱ्यावर दिसायला चेहऱ्यावर काहीतरी हवं ना?

ही गोष्ट यंदाचीच, सत्त्याऐंशी सालची. वाशीला आमच्या सेक्टरमध्ये वैजयंतीताईंनी फ्लॅटच्या पुढच्या खोलीत ब्यूटी पार्लर काढलं होतं. सिंगापूरहून त्या एक यंत्र शिकून आल्या होत्या. सुईने भुवया गोंदायच्या. जन्मभराचं गोंदण नव्हे, दोन-तीन वर्षं टिकणारं.

"आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद," वैजयंतीताई म्हणाल्या. "डोकेदुखीची गोळी घ्यायची नाही. उन्हात फिरायचं नाही. आणि कसा आकार हवा, त्याचा फोटो आणा."

चहा बंद केल्यावर डोकं दुखतं, आणि डोकं दुखलं तर गोळी नाही! सिंगापूरच्या लोकांना चहा माहीत नसावा.

फोटोचा प्रश्न नव्हता. भिंतीवर आई होतीच. तिचा धड आलेला फोटो तो एकच. फोटोग्राफर "जरा हसा" म्हणाला, त्याच क्षणी टिपलेला. डावी भुवई सणसणीत वर! मी फ्रेम हारासकट काढली आणि पार्लरमध्ये नेली. तोंडाला लेप लावून बसलेल्या एका बाईंनी लेपासकट हात जोडले.

वैजयंतीताईंनी फोटो न्याहाळला. "एक भुवई वर आहे. तुमच्या दोन्ही सारख्या करते."

"नको. आहे तश्शी करा!"

"अहो, कायम प्रश्न विचारल्यासारख्या दिसाल."

"तोच तर विचार आहे."

सुई चालू असताना मी काय सहन केलं, ते सांगत नाही. शिवणयंत्राखाली कापडाला काय वाटत असेल, एवढं कळलं. आरशात पाहिलं तर कोळशाने ओढल्यासारख्या दोन काळ्याकुट्ट रेघा, आणि डावी सुजून आणखीच वर चढलेली!

"हे उतरेल," वैजयंतीताई म्हणाल्या. "खपली धरेल, आपोआप पडेल, मग खाली रंग बसेल. तोवर पाणी लावायचं नाही. खाजवायचं नाही. गॅसपाशी वाफ घ्यायची नाही. कपाळ हलवायचं नाही. आणि रडायचं तर मुळीच नाही. रडलं की माणूस तोंड चोळतं."

"अहो, आईचं वर्षश्राद्ध आहे!"

"मग पुढे ढकला."

"तिथी असते ताई, ती कशी ढकलणार?"

"बघा बाई. तिथी का भुवई, तुमचं तुम्ही ठरवा!"

मी न रडता तिथी करायचं ठरवलं.

घरी आले. अप्पांनी पेपरच्या वरून माझ्याकडे पाहिलं, पेपर खाली ठेवला, उठून न्हाणीघरातला दिवा बंद केला आणि पलंगावरचा ओला टॉवेल गॅलरीत नेऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई दारात पाटी उतरवता उतरवता थबकली. "आगं बाय! ही तर तुज्या आईचीच भिवय हाय!" मी नुसतं पापलेटांकडे पाहिलं. "बरं बाय, दोन जास्ती घे. पन अशी नको बघूस!"

कॉलेजात तर चमत्कार झाला. मी काउंटरवर नुसती बसले होते. दुपारपर्यंत पोरांनी वर्षानुवर्षं दडपलेली पुस्तकं आणून समोर ठेवली. इतिहासाचे प्राध्यापक एक जाडजूड ग्रंथ कोटाखाली लपवून आले आणि, "हा चुकून माझ्याकडे राहिला होता," म्हणाले. तो ग्रंथ हरवला म्हणून शोधमोहीम निघाली होती, तिचे प्रमुख तेच होते!

वर्षश्राद्धाला मी पूर्ण तयारीत होते. कपाळावर खपली, त्यावर मलम. चेहरा वाळत घातलेल्या पापडासारखा ताठ. जेवणं झाली. खीर आवडीने खाऊन आत्याने हात धुतले, पदराला पुसले आणि शिवणयंत्राकडे मोर्चा वळवला.

"तर सुमेधा, हे मशीन..."

मी वळून पाहिलं. बोलता येत नव्हतं, कपाळ हललं असतं. आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या फोटोकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"...मशीनला तेल घालत जा हो वेळच्या वेळी," ती म्हणाली. "वहिनी घालायची."

पाहुण्यांत कुजबुज झाली. केशरमावशीला एकाएकी उशीर झाला.

दुसऱ्या दिवसापासून आठवणी परत येऊ लागल्या! कुकर आला, मिक्सर आला. दातेबाईंनी तर ओले कपडे झटकून दोरी आणून दिली. घाबरून लोक आमचं नसलेलंही देऊ लागले. पुरणयंत्रं दोन घरांतून दोन आली. आईचं एकच होतं. फक्त मिसळणाचा डबा आला नाही. पण आत्यापर्यंत बातम्या पोचत होत्या. मी वाट पाहत होते.

आणि इथेच माझा घात झाला.

एका संध्याकाळी मी कामावरून आले. अप्पा स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते, हातात लाडू. माझी चाहूल लागली तसे वळले. उजेड माझ्या मागून येत होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी सवयीने म्हणाले, "अगं, एकच. शपथ, एकच घेतला!"

मग त्यांना मी दिसले. त्यांनी लाडू डब्यात ठेवला, झाकण लावलं, आणि ते लागलेलं झाकण बराच वेळ दाबत राहिले.

वर्षभर मी धड रडले नव्हते. आलेल्यांना चहा करण्यातच वर्ष गेलं. त्या संध्याकाळी मात्र रडले, आणि पदराने तोंड चोळूनही घेतलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा.

सकाळी आरशात उजवी भुवई जागच्या जागी होती. डावीची खपली पदराला लागून गेली होती, आणि तिच्याबरोबर रंगही.

"पाणी लावलंत ना?" वैजयंतीताई ओरडल्या. "आता महिनाभर मी सुई लावणार नाही!"

म्हणजे आता सगळी मदार माझ्यावर. मी आरशासमोर सराव सुरू केला. "नाही!" "नाही म्हणजे नाही!" अप्पा बाहेरून म्हणायचे, "अगं, मी घेतच नाहीये!"

रविवारी बेल वाजली. दारात वेणूआत्या, हातात पिशवी. आली मशीनला! मी तिला तोंडच उघडू दिलं नाही.

"नाही!" मी म्हणाले.

"अगं, पण मी..."

"नाही म्हणजे नाही, आत्या! देणं नाही, घेणं नाही. सगळं संपलं!"

"घेणंसुद्धा नाही?"

"नाही!"

जन्मातला माझा पहिला नकार. काय तो आवाज, काय तो निर्धार! आत्या क्षणभर बघत राहिली. मग तिचा चेहरा उजळला. "बरं बाई. तुला नकोच असेल तर मी तरी कशाला आग्रह करू?" म्हणत ती लगबगीने वळली.

जिन्यावरून ती उतरत गेली, आणि पायरीपायरीला तिच्या पिशवीतल्या वाट्या खुळखुळत गेल्या.

डबा अजून तुर्भ्याला आहे. मी मागायला गेले होते. "अगं, तूच तर नको म्हणालीस!" आत्या म्हणाली. माझी उजवी भुवई फार सुरेख बसली आहे. वैजयंतीताई गिऱ्हाइकांना नमुना म्हणून तीच दाखवतात. मी तीच जमेल तितकी वर चढवली आणि आत्याकडे रोखून पाहिलं.

आत्या काळजीने जवळ आली. "डोळ्यात काही गेलं का गं? थांब, फुंकर घालते."